नाताळचे पाहुणे आणि जूनच्या वह्या

नाताळचा पंधरवडा आला की आपल्याकडील बालगृहांच्या दारात वाहनांची वर्दळ सुरू होते. ख्रिस्ती मंडळीचे तरुण संघ, महिला मंडळे, शब्बाथ शाळेची मुले हाती केक, कपडे व खेळणी घेऊन येतात. नाताळगीते गातात, मुलांबरोबर दोन घटका खेळतात आणि दिवेलागणीपूर्वी परततात. या उपक्रमामागील सद्भाव निर्विवाद आहे. ज्यांचे माणूस जवळ नाही त्यांची आठवण सणाच्या दिवशी व्हावी, हे कोणत्याही समाजाला भूषणावहच होय. तथापि, ज्या मुलांसाठी ही भेट असते त्यांच्या पदरात तिच्यातून नेमके काय पडते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-मित्राच्या आग्रहावरून नगर जिल्ह्यातील अशाच एका भेटीत मी सहभागी झालो होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा मुले गणवेश घालून रांगेत बसली होती. त्यांनी स्वागतगीत म्हटले, टाळ्या वाजविल्या, एकेकाने पुढे येऊन भेटवस्तू घेतली आणि छायाचित्रासाठी मान वर केली. सारे इतके बिनचूक होते की मनात शंका आली. अधीक्षकांना विचारले, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "या आठवड्यातला हा चौथा कार्यक्रम आहे, सर." कपाटात केकची खोकी रचलेली होती. "जूनमध्ये वह्यांसाठी मात्र आम्हांला दारोदार फिरावे लागते," असेही ते बोलून गेले.

इतक्यात आमच्यातील एका बाईंनी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला जवळ घेऊन मायेने विचारले, "बाळ, तुझे आईवडील कधी रे वारले?" मुलगा शांतपणे म्हणाला, "आई आहे. ती ऊसतोडीला गेलीय." बाई ओशाळल्या, आम्ही सारेच ओशाळलो. ज्याला अनाथ समजून आम्ही भेटायला आलो होतो त्याला आई होती. उणीव होती ती तिच्या मिळकतीत आणि सहा महिने मूल कोणाच्या भरवशावर ठेवावे, या तिच्या विवंचनेत.

नव्या करारातील याकोबाच्या पत्रात, अनाथ व विधवा यांचा संकटकाळी समाचार घेणे ही निर्मळ धर्माचरणाची खूण मानली आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापदात नुसती भेट अभिप्रेत नाही. जातीने लक्ष घालणे, देखभाल करणे हाही अर्थ त्यात आहे. आपल्या मराठीतही आजाऱ्याच्या समाचाराला गेलेला शहाणा माणूस नुसती फळे ठेवून परतत नाही. औषध मिळाले का, रात्री उशाशी कोण बसणार, घरी चूल पेटली का, हे तो विचारतो. म्हणजे समाचार घेण्यात चौकशी आहे आणि चौकशीत जबाबदारी आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याच्या हातून ती कशी पार पडावी?

महाराष्ट्राला या जबाबदारीचा धडा नवा नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथेच जन्मलेल्या यशवंताला पुढे दत्तक घेतले. पंडिता रमाबाईंचे मातापिता दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अक्षरांबरोबरच विणकाम, शेती व छपाई शिकविली. या माणसांनी मुलांना भेटवस्तू देऊन निरोप घेतला नाही. त्यांच्या उद्याचा भार स्वतःच्या शिरावर घेतला.

मुलाच्या दृष्टीने या सातत्याला किती मोल आहे, हे मानसशास्त्रानेही दाखविले आहे. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोवैज्ञानिकाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, मुलाच्या मानसिक आरोग्याला उबदार आणि अखंड सहवासाची गरज असते, असे प्रतिपादन केले. ज्याची माणसे आधीच एकदा सुटली आहेत, त्याला तासाभराची जवळीक देऊन पुन्हा नाहीसे होणे, ही निरुपद्रवी गोष्ट नव्हे. आपला कायदाही हेच तत्त्व मानतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे. शक्य तोवर त्याने कुटुंबातच वाढावे. अशा मुलांची ओळख उघड करणारे छायाचित्र प्रसिद्ध करण्यासही या अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू देऊ नये, ही येशूची शिकवण मानणाऱ्यांना तर हे कलम वाचण्याचीही गरज पडू नये.

मग भेटीला जाऊच नये काय? जावे, अवश्य जावे. परंतु निघण्यापूर्वी अधीक्षकांना विचारावे की उणीव कशाची आहे आणि केव्हा आहे. शिक्षकाने दर शनिवारी दोन तास गणित शिकवावे. विद्यार्थ्याने एकाच मुलाच्या अभ्यासाची वर्षभर सोबत करावी. आणि कचेरीत काम करणाऱ्या कारकुनाने आपली विद्या क्षुल्लक समजू नये. अनाथ मुलांसाठी राज्यात २०१८ साली एक टक्का आरक्षण ठरले. पण प्रमाणपत्र हाती नसेल तर त्याचा उपयोग काय? एकटी आई मूल घरी सांभाळू शकावी म्हणून राज्याची बालसंगोपन योजना आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ साली मुलामागे दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. त्यांचे अर्ज, दाखले, बँकेचे खाते, यांतच पुष्कळ आया अडून राहतात. अठरा वर्षे पूर्ण होताच संस्थेबाहेर पडणाऱ्या तरुणाला खोली मिळवून देताना जामीन राहणारा माणूस हवा असतो. ही सारी कामे छायाचित्रात दिसत नाहीत, म्हणूनच ती मागे पडतात. हे केवळ चर्चच्या मंडळींना उद्देशून नाही. गणेशोत्सव मंडळे आणि संस्थेत वाढदिवस साजरे करणारी आपली कुटुंबे यांनाही ते तितकेच लागू आहे.

त्या दिवशी परतताना आमच्या वाहनात कोणी गाणी म्हटली नाहीत. मात्र पुढच्या जूनमध्ये त्या मंडळीने वह्या पोहोचविल्या. ओशाळलेल्या त्या बाई निवृत्त परिचारिका होत्या. त्या महिन्यातून दोनदा मुलांची प्रकृती पाहण्यास जाऊ लागल्या. टपाल खात्यातील एका सदस्याने ऊसतोडीहून परतलेल्या त्या आईसमोर बसून बालसंगोपनाचा अर्ज भरून दिला. चारसहा खेपा झाल्यावर बाईंनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांना येताना पाहून मुलांनी स्वागतगीत म्हणणे सोडून दिले होते. खेळ न थांबविता ती नुसती हात हलवीत. स्वागतगीत पाहुण्यांसाठी असते. घरच्या माणसासाठी कोणी रांगेत उभे राहून गात नाही.