भांडण गाजलं, उपचार राहून गेले

हॉलिवूडच्या किश्श्यांत टॉम क्रूझ आणि ब्रूक शील्ड्स यांचं २००५ सालचं भांडण आजही चवीने सांगितलं जातं. सांगणारे भांडणाशीच थांबतात, याचं मला वाईट वाटतं. त्यामागे एका बाळंतिणीचा जीव कसा वाचला याची हकीकत आहे आणि नेमकी तीच सांगायची राहून जाते.

१९८१च्या ‘एंडलेस लव्ह’मध्ये ब्रूक नायिका होती. टॉमचा तो पहिलाच चित्रपट, भूमिका अगदी चिमुकली. चोवीस वर्षांनी पारडं फिरलं होतं. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’च्या प्रसिद्धीसाठी तो वाहिन्या पालथ्या घालत होता आणि ब्रूकचं ‘डाउन केम द रेन’ हे पुस्तक नुकतंच बाजारात आलं होतं. प्रसूतीनंतरच्या नैराश्यात आपण पॅक्सिल ही गोळी घेतली, असं तिने त्यात उघड लिहिलं होतं. त्यावरून टॉमने तिच्यावर जाहीर टीका केली. २४ जूनला ‘टुडे’ कार्यक्रमात मुलाखतकार मॅट लॉअरसमोर त्याने अख्खं मनोविकारशास्त्रच खोटं ठरवलं. जीवनसत्त्वं आणि व्यायाम असा त्याचा उतारा होता.

ब्रूक तेव्हा लंडनमध्ये ‘शिकागो’ या संगीत नाटकात काम करत होती. १ जुलैच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिचं उत्तर छापून आलं. गाजला तो त्यातला टॉमला लगावलेला टोला. पण औषधं आणि दर आठवड्याची थेरपी, या दोन्हींनी मिळून मला आणि माझ्या कुटुंबाला वाचवलं, असंही तिने तिथेच लिहिलं होतं. बातम्यांमध्ये गोळीवरून वाद रंगला. दर आठवड्याला कुणासमोर तरी बसून मन मोकळं करणं हाही उपचारच होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याआधीची दोन वर्षं पाहायला हवीत. मूल व्हावं म्हणून ब्रूकने टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार पुन्हापुन्हा घेतले होते, एक गर्भपात सोसला होता. मे २००३मध्ये तिची मुलगी रोवन जन्मली, त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी ब्रूकचे वडील गेले. कळा लांबल्या, अखेर तातडीने सिझेरियन करावं लागलं. इतक्या नवसासायासांनी झालेली लेक, पण तिचं रडणं आईला सहन होईना. नवरा बाळाला घेऊन येताना दिसला की तिच्या पोटात गोळा यायचा. पैसा होता, नाव होतं, हाताशी माणसं होती. यातलं काहीच कामी आलं नाही.

गोळ्यांनी जरा बरं वाटायला लागलं तशा तिने त्या स्वतःहून बंद केल्या. मग एके दिवशी गाडी चालवत असताना, मागच्या सीटवर बाळ असताना, गाडी भिंतीवर घालावी असं तिला अनावर वाटू लागलं. तिने मैत्रिणीला फोन लावला. घरी सुखरूप पोचेपर्यंत ती मैत्रीण फोनवर बोलत राहिली. त्यानंतर ब्रूक पुन्हा डॉक्टरांकडे गेली. हा तुझा दोष नाही, शरीरातल्या रासायनिक उलथापालथीचा हा परिणाम आहे, हे डॉक्टरांकडून ऐकून तिला केवढा धीर आला!

अशा आईला थेरपीत उपदेश ऐकवत नाहीत. आंतरवैयक्तिक थेरपी या पद्धतीत तर अगदी रोजच्या गोष्टींवर काम होतं: आई झाल्यावर बदललेली भूमिका, जवळच्या माणसाचा मृत्यू, नवऱ्याशी किंवा घरच्यांशी उडणारे खटके. आयोवात मायकेल ओहारा आणि सहकाऱ्यांनी १२० मातांवर याची चाचणी घेतली, निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. बारा आठवडे ही थेरपी घेणाऱ्या माता थेरपीसाठी प्रतीक्षायादीत असलेल्या मातांपेक्षा कितीतरी जास्त सावरल्या. बारसं आणि सुतक एकाच महिन्यात आलेल्या बाईला रडायला हक्काची जागा मिळणं किती मोलाचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

भांडणाचा शेवट गोड झाला. १८ एप्रिल २००६ला ब्रूकला दुसरी मुलगी झाली आणि त्याच दिवशी टॉमलाही मुलगी झाली. उन्हाळा सरताना टॉमने तिच्या घरी जाऊन माफी मागितली. नोव्हेंबरात इटलीत झालेल्या त्याच्या लग्नाला ती हजर होती.

माझ्या लेखी खरी मोठी गोष्ट त्यानंतरची. शिकागोच्या मेलनी ब्लॉकर स्टोक्स या तरुण आईने २००१मध्ये बाळंतपणानंतर काही महिन्यांतच जीवन संपवलं होतं. तिची आई कॅरल अशा मातांसाठी कायदा व्हावा म्हणून झगडत होती. २००७मध्ये ब्रूकही त्या मागणीसाठी वॉशिंग्टनला गेली. २०१०च्या आरोग्य सुधारणा कायद्यात त्या तरतुदी आल्या.

हे दुखणं फक्त अमेरिकेचं नाही. गोव्यात म्हापशाच्या आसिलो इस्पितळात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी झाल्याची नाराजी ही त्यामागची ठळक कारणं होती. डिंकाचे लाडू, आळीव, शेकशेगडी हे सगळं हवंच. पण त्याने हे दुखणं जात नाही.

घरात बाळंतीण असेल तर बाळाचं वजन विचारता तसंच तिलाही विचारा: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? त्याला जवळ घ्यावंसं वाटतं का? जगणं नकोसं वाटतं का? उत्तर ऐकून काळजी वाटली तर तिला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.