पटावरील खेळ : नाव आणि नियम

पटावरील खेळाचे नाव त्याच्या नियमांशी कितपत जुळते? मोक्षपटात शिडी पुण्याची, सर्प पापाचा. परंतु सोंगटी चालते ती दानाने, खेळणाऱ्याच्या सदाचाराने नव्हे. घरांची नावे पुसली तरी डाव तसाच राहतो. वाघ-बकरीच्या खेळात वाघ उडी मारून बकरी घेतो. बकऱ्या मारू शकत नाहीत, मात्र एकजुटीने त्याची कोंडी करतात. येथे नाव यादृच्छिक नसून सकारण आहे. तेच नियम शिकविते.

तथापि जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार येथे 2024 साली बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे बळी पडली. त्या परिसरात बिबट्यालाही वाघच म्हणतात. पटावरचा वाघ सर्वांना दिसतो. उसातला दिसत नाही. रूपकाची मर्यादा नियमांनी वगळलेल्या अशा गोष्टींवरूनच ठरते.