सिलिकॉनचा दिवा का नाही?

पनवेलजवळ तळोजा येथे चिप बनवण्याचा मोठा कारखाना उभारण्याच्या प्रस्तावाला सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने मान्यता दिली. पुढे २०२५ मध्ये कंपन्यांमधील बोलणी थांबल्याचे वृत्त आले. अशा बातम्यांमुळे अर्धवाहक म्हणजे सिलिकॉन, असे समीकरण आपल्या मनात बसते. मग वर्गात विचारून पाहू : एलईडीचा लाल दिवा सिलिकॉनचा असतो का?

नसतो. सिलिकॉन व जर्मेनियम या मूलद्रव्यांच्या अणूंत बाहेरच्या कक्षेत ४ इलेक्ट्रॉन असतात. गॅलियममध्ये ३ आणि आर्सेनिकमध्ये ५, म्हणजे सरासरी ४च! म्हणून गॅलियम आर्सेनाइड हे संयुगही अर्धवाहक ठरते.

बंधातून सुटण्यासाठी इलेक्ट्रॉनला सिलिकॉनमध्ये सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, गॅलियम आर्सेनाइडमध्ये १.४ आणि गॅलियम नायट्राइडमध्ये ३.४. इलेक्ट्रॉन जागेवर परतला की ती ऊर्जा बाहेर पडते. लाल प्रकाशाला सुमारे १.८ हवेत, सिलिकॉन तेथेच कमी पडतो. शिवाय सिलिकॉनमध्ये परतताना इलेक्ट्रॉनचा संवेगही बदलावा लागतो. त्यामुळे बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. या दोन संयुगांत ही अडचण नाही. गॅलियम आर्सेनाइडमध्ये योग्य प्रमाणात फॉस्फरस मिसळला की लाल प्रकाश मिळतो. गॅलियम नायट्राइडमध्ये इंडियम मिसळला की निळा. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे पडताळता येते. लाल एलईडी, १५० ओहमचा रोध आणि दीड व्होल्टचे सेल एकसरीत जोडा. एका सेलवर दिवा जवळजवळ लागतच नाही, दोनांवर लागतो. निळा दिवा नीट उजळण्यासाठी मात्र तीन सेल लागतात. प्रकाशकणाची ऊर्जा जास्त, म्हणून व्होल्टताही जास्त.

मग सिलिकॉन टाकाऊ का? मुळीच नाही. भूकवचाच्या वजनात तो सुमारे २७ टक्के आहे. त्याच्यावर ऑक्साइडचा उत्तम निरोधक थर सहज तयार होतो आणि ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्याही काढता येतात. गॅलियम आर्सेनाइड महाग व ठिसूळ असते. म्हणून हिशेब करणारी चिप सिलिकॉनची आणि प्रकाश देणारा दिवा संयुगाचा, अशी ही वाटणी आहे. कोणता पदार्थ श्रेष्ठ, असे न विचारता कोणत्या कामासाठी, असे विचारायला आपण विद्यार्थ्यांना शिकवू या.