पत्ता तोच, घर दुसऱ्याचे

२००८. लिनक्स कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत इंटेलची काही नेटवर्क कार्डे अचानक निकामी होऊ लागली.

चूक कुठे? फंक्शनचा माग काढणारी कर्नलमधली ‘एफट्रेस’ यंत्रणा आधी फंक्शनचे मेमरीतले पत्ते टिपून ठेवी आणि तिथला कोड थोड्या वेळाने बदले. तेवढ्यात मॉड्यूलचा, म्हणजे कर्नलला नंतर जोडलेल्या भागाचा, सुरुवातीचा कोड मेमरीतून जाई आणि तोच पत्ता कार्डाच्या फ्लॅश मेमरीला मिळे.

घाव कसा बसला? कोड बदलताना एफट्रेस वापरत असलेली, ‘जुळले तरच बदल’ सांगणारी कम्पेअर-एक्स्चेंज सूचना न जुळल्यासही जुनीच किंमत परत लिहिते. साध्या मेमरीला ते चालते, उपकरणाला नाही.

उपाय: २.६.२७.१ मध्ये एफट्रेसची कोड असा बदलण्याची सोय बंद केली. २.६.२८ पासून पत्ते कर्नल बांधतानाच नोंदवले जातात आणि मॉड्यूलचा कोड चालण्याआधीच त्यातला पहिला बदल उरकतो. तपासणाऱ्या हाताने इजा करू नये, हा धडा कायमचा.