कंसातली नावं

जुना सातबारा हातात आला की बहुतेकांची नजर शेवटच्या नावावर जाते, कारण जमीन आज कोणाची हे त्यावरून कळतं. घराण्याचा शोध घेणाऱ्याने मात्र वरच्या, कंसात गेलेल्या नावांकडे पाहावं. खातेदार वारला, जमीन विकून बसला किंवा वाटणीत बाहेर पडला, की त्याचं नाव पुसलं जात नाही. तलाठी त्याला कंस घालतो आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहितो. ते वर्तुळातले आकडे वहीत उतरवून घ्यायचे आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. शोध तिथून सुरू होतो.

फेरफाराची वही म्हणजे गाव नमुना ६. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, १९१३ मध्ये ती जमीन महसुलाच्या मुख्य कायद्यातच घेतली गेली, आणि आज १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता तिला लागू आहे. जमिनीवर हक्क कोणाचा आणि शेतसारा कोणाकडून घ्यायचा हे सरकारला कळावं, एवढाच त्या वहीचा हेतू होता. तरीही आपल्याकडच्या सामान्य शेतकरी घराची कहाणी तिच्याइतकी सलग सांगणारा दुसरा कागद मला ठाऊक नाही. वारसाच्या नोंदीत मयताचं नाव असतं, तो केव्हा वारला ते असतं (पुष्कळदा ‘सुमारे पाच वर्षांपूर्वी’ इतकंच), मुलगे असतात, विधवा असते, अज्ञान मुलांची पालनकर्ती आई असते. गहाणाच्या नोंदीत सावकार भेटतो. तारखा लावून पाहिलं तर दुष्काळाच्या वर्षांत एकाच घराच्या गहाणांची रांग लागलेली दिसते. एरवी ज्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, त्यांच्या डाव्या अंगठ्याची निशाणी तिथे आहे.

पण ही वही सगळ्यांना सारखी जागा देत नाही. नावापुढे ‘ए.कु.पु.’ किंवा ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसली, की थांबावं. एकत्र कुटुंब पुढारी किंवा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलं आहे आणि धाकटे भाऊ त्या तीन अक्षरांच्या आड उभे आहेत, असा त्याचा अर्थ. थोरला वारला आणि त्याच्याच मुलांची नोंद झाली, ती अक्षरं पुढच्या उताऱ्यावर उतरवायची राहिली, तर धाकट्यांची अख्खी शाखा कागदावरून नाहीशी होते. गावोगावच्या दिवाणी दाव्यांचं मूळ इथे सापडतं.

हे इंग्रजी अमलापुरतंच होतं असं नाही. जोतीराव फुले यांच्या घराची हकीकत चरित्रकारांनी दिली आहे. मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण, तिथे घराण्याकडे चौगुलेपण. तिथून घर पुरंदरच्या खानवडीला आलं आणि जोतीरावांचे आजोबा शेटिबा मुलांना घेऊन पुण्यात आले. राणोजी, कृष्णा आणि गोविंद हे तिघे भाऊ पेशव्यांकडे फुलं पुरवू लागले. त्यांना सुमारे ३५ एकर जमीन इनाम मिळाली. थोरल्या राणोजीने ती सगळी आपल्याच नावावर करून घेतली आणि धाकटे दोघे बाहेर राहिले. गोविंदराव हे त्या धाकट्यांपैकी, जोतीरावांचे वडील. एका नोंदीने थोरल्याच्या आणि धाकट्यांच्या घरांचं नशीब कसं वेगळं होतं, हे याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण शोधायला नको. शिवाय तीन पिढ्यांत गाव बदललं, धंदा बदलला, आडनावही बदललं. आजच्या आडनावाने अठराव्या शतकातला पूर्वज शोधणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसतंच. ‘तुकोजी बिन रामजी’ असं बापाच्या नावाने माणूस ओळखला जातो. मराठवाड्यात, खानदेशात ‘वलद’ येतं. बाईच्या नावापुढे ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘जौजे’ आणि मग नवऱ्याचं नाव. त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. तुकोजी बिन रामजी, रामजी बिन तुकोजी, पुन्हा तुकोजी बिन रामजी. आजोबा आणि नातू असे दोन निराळे पुरुष सहज एक वाटतात आणि दोन पिढ्या गळून पडतात. यावर इलाज एकच. नावाबरोबर जमीन धरायची. माणसांची नावं फिरून फिरून येतात, पण ओढ्याकाठचं शेत जागचं हलत नाही. त्याच्या चतुःसीमा, शेजारचे खातेदार आणि आकार जुळले, तरच पिढी जुळली म्हणावं.

शेत हलत नसलं तरी त्याचा नंबर मात्र हलतो. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव योजना झाल्या आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आजचा गट जुन्या कोणत्या नंबरांतून झाला, हे भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून कळतं. तो मिळाल्याशिवाय १९५० च्या मागे पाऊल टाकू नये. मूळ सर्व्हे नंबर हाती आला, की मग एकदम शंभरेक वर्षांची वाट मोकळी होते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात मोजणी आणि साराबंदीची जी पद्धत घातली, ती पुढे इलाखाभर पसरली. ३३ फुटी साखळीने शेतं मोजली गेली. त्या साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा, १,०८९ चौरस फूट. टिपण, गुणाकार बुक, आकारबंद ही त्या मोजणीची अपत्यं. तीस वर्षांनी फेरपाहणी होई, म्हणून एकाच शेताचे ठरावीक अंतराने खातेदार मिळत जातात.

मोजणीच्या मागे गेलं, की लिपी मोडी होते आणि कालगणनाही बदलते. ‘सन इसन्ने सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असेल, तर दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन ११७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. मृगापासून वर्ष सुरू होतं, म्हणून १७७१-७२. थोरले माधवराव तेव्हा गादीवर होते. तोच आकडा चुकून फसली समजला, तर माणूस नऊ वर्षं मागे जातो, आणि बापाचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, आजोबाच्या नावावर पडतो.

हे कागद मुख्यतः पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात आहेत. लोक त्याला अजून पेशवे दफ्तर म्हणतात. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने पेशव्यांचे कागद एकत्र करवले, कारण कोणाला काय इनाम आणि कोणतं वतन हे कळल्याशिवाय नवा अंमल बसणार नव्हता. सुमारे ३९,००० रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आणि त्यांत कोट्यवधी कागद. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले निवडक ४५ खंडांत छापले, पण ते बहुतांशी राजकारणाचे. गावचे झाडे, ताळेबंद, वतनाचे तंटे बव्हंशी रुमालातच आहेत.

त्यांतला थळझाडा हा कागद मला सर्वांत जवळचा वाटतो. गावची जमीन थळांत विभागलेली असे आणि थळाला मूळ मिरासदार घराण्याचं नाव असे. घराणं निपुत्रिक झालं, परागंदा झालं, दुष्काळात उठून गेलं, तरी थळाचं नाव तेच राहायचं आणि जमिनीपुढे ‘गतकुळ’ असं लिहिलं जायचं. दुसराच कोणी उपरी ती जमीन कसत असे. मिरासदार परत आला, तर त्याचा हक्क बुडालेला नसे. म्हणून दफ्तराला त्याची आठवण ठेवणं भाग होतं. आज ज्या घराण्याचा एकही माणूस गावात नाही, त्याचं नाव एखाद्या शिवाराला अजून का चिकटलं आहे, याचं उत्तर पुष्कळदा थळझाड्यात मिळतं.

आणि मग तंटे. सुखाने नांदलेल्या घराचे कागद थोडे असतात. भांडलेल्या घराचा मात्र सात पिढ्यांचा वृत्तांत मिळतो. पाटीलकीचा वाद उभा राहिला, की दोन्ही पक्ष आपापला करीना देत. मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरल्याचा वंश कुठला, कोणत्या दंग्यात कागद जळाले. निवाडा मान्य असेल असा राजीनामा आणि जामीन घेतला जाई. मग गोत बसे, म्हणजे गावचे आणि पंचक्रोशीतले वतनदार, बलुतेदार. साक्षी होत. कागद आणि साक्षी दोन्ही अपुऱ्या पडल्या, तर दिव्य. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचा, हाताला पिशवी बांधून मोहर करायची आणि तिसऱ्या दिवशी हात पाहायचा. निवाड्याच्या महजरावर अक्षर न येणाऱ्यांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर त्यांत हटकून दिसतो. जिंकलेल्याने सरकारात हरकी भरायची, हरलेल्याने गुन्हेगारी, आणि हरल्याचं यजितखत जिंकलेल्याला लिहून द्यायचं. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर इंग्रजीत जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अशाच निवाड्यांवर उभा आहे.

करीना वाचताना मन घट्ट ठेवावं लागतं. तो लिहिणारा इतिहास सांगत नव्हता, हक्क मागत होता. म्हणून आपला पूर्वज थोरला आणि समोरच्याचा धाकटा, हे प्रत्येक करीन्यात असतंच. प्रतिपक्षाचा करीना मिळेपर्यंत आपल्या घराची वंशावळ पक्की धरू नये. पुष्कळ घराण्यांनी छापलेले कुलवृत्तांत याच ठिकाणी कच्चे राहिले आहेत. जिंकलेल्या बाजूचा कागद घरात जपला गेला आणि तोच इतिहास झाला.

इनाम कमिशनचे कागद हे या तंट्यांचं पुढचं पान. १८५२ च्या कायद्याने कमिशनला इनामांची चौकशी करण्याचे अधिकार मिळाले आणि हजारो इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. प्रत्येकाने कैफियत दिली, सनदा पुढे केल्या, मूळ इनाम मिळवणाऱ्यापासून स्वतःपर्यंतचा वंश सांगितला. ज्यांना कागद दाखवता आले नाहीत, त्यांच्या जमिनी खालसा झाल्या. लोकांच्या तोंडचा घास काढणारी ही चौकशी होती आणि तिच्याबद्दलचा राग पुढे वर्षानुवर्षं टिकला. आज आपल्याला त्या कैफियतींतून खापरपणजोबांचं नाव मिळतं, तेव्हा ते त्यांनी कोणत्या भीतीने लिहून दिलं, हे विसरू नये.

ज्यांच्याकडे इनाम नव्हतं, त्यांचा माग कर्जाच्या कागदांत लागतो. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्यांना हवे होते ते रोखे आणि खती, आणि हाती आले ते त्यांनी जाळले. चौकशी होऊन १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. रोख्यावर आकडा आहे एवढ्यावर हुकूमनामा न देता, व्यवहार मुळात कसा सुरू झाला तिथपासूनचा हिशेब न्यायाधीशाने पाहावा, असं त्यात होतं. त्यामुळे त्या काळच्या दाव्याचा निवाडा मिळाला, तर बैलजोडीसाठी घेतलेलं कर्ज मुलापर्यंत कसं पोचलं, हे साल-दरसाल वाचायला मिळतं. दिवाणी न्यायालयं जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात; निवाडा आणि हुकूमनामा त्या मानाने जास्त टिकतात. म्हणून अर्ज करताना आधी तेच मागावेत. दाव्याचा क्रमांक माहीत नसेल, तर फेरफाराच्या नोंदीत तो पुष्कळदा लिहिलेला असतो.

आतापर्यंतचं हे मुख्यतः देशावरचं झालं. मराठवाड्यात निजामी अमलाचे कागद उर्दूत आणि फसली सनाचे, शिवाय १९५४-५५ चं खासरा पत्रक. पूर्व विदर्भात मालगुजारीचे बंदोबस्त. कोकणात खोतीची दफ्तरं. खोत स्वतः भरपूर दिसतो, त्याची कुळं जेमतेम. गोव्यातल्या गावकऱ्यांच्या हक्कांची लेखी नोंद १५२६ च्या फोराल या पोर्तुगीज सनदेपर्यंत मागे जाते. प्रत्येक भागाची वाट निराळी आहे.

ज्यांना जमीनच मिळू दिली नाही, त्यांचं काय? महार वतनाच्या नोंदींत वतनदार घरांची नावं आहेत, आणि कित्येक घरांना आपल्या पणजोबांचं नाव तिथेच प्रथम दिसतं. तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात अख्ख्या घराला रात्रंदिवस राबवणारं ते वतन होतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. भटक्या घरांचं नाव तर त्या वह्यांतही नाही. तरीही जातीचा दाखला पडताळताना अनुसूचित जातींकडे १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांकडे १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांकडे १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. गावोगाव फिरणाऱ्या ज्या माणसांना कोणी सातबाऱ्यावर घेतलं नाही, शाळेत घेतलं नाही, त्यांच्याच नातवंडांकडे जुना कागद मागायचा, हा अन्याय आहे. कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची एखादी ओळ अशा घरांना तारून नेते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर ही बुकं आणि मोडी कागद उघडले गेले, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. त्याच वेळी पानं स्कॅन झाली, हे त्यातून झालेलं मोठं काम.

बायकांची नावं शोधायची तर भांडण किंवा वैधव्य लागतं. रखमाबाईंनी नांदायला यावं म्हणून नवऱ्याने घातलेला खटला १८८४ मध्ये उभा राहिला नसता, तर मुंबईच्या एका सुतार घरातल्या तीन पिढ्यांचा तपशील आपल्याला मिळाला नसता. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला; त्याआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे केली. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, न्या. फॅरन यांनी १८८७ मध्ये विरुद्ध, आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. बालविवाहाच्या इतिहासासाठी आपण हा खटला वाचतो. त्यात आईकडून मुलीकडे आलेल्या मालमत्तेची कहाणीही आहे, आणि ती फार कमी घरांच्या कागदांत सापडते.

सामान्य घरात १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मुलींची नावं फेरफारात येऊ लागली, तीही अनेकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात, आणि लगोलग हक्कसोडपत्राने कंसात गेली. तो हक्कसोडीचा दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून जरूर काढावा. वडिलांच्या बाजूची वंशावळ बहुतेकांकडे असते. आजीच्या माहेरचं कोणी विचारत नाही. त्या दस्तात तिचं सासरचं गाव असतं, नवऱ्याचं नाव असतं, वय असतं, बरोबर सही करणाऱ्या बहिणी असतात. आजीच्या माहेरच्या गावच्या तलाठ्याकडे तिच्या वडिलांच्या नावाने वारस फेरफार मागितला, तर आणखी एक घराणं उघडतं, आणि ते तितकंच आपलं असतं.