दालनांत किती माणसें असावींत?

लग्नसराई जवळ आली, कीं घरोघरीं आमंत्रणांच्या याद्या होऊं लागतात. एखादें नांव राहिलें, तर रुसवा जन्माचा; म्हणून यादी वाढतच जाते. शेवटीं चारशें माणसांच्या कार्यालयांत सातशें मंडळी जमतात आणि ‘मावतील कशीं तरी!’ असें म्हणून यजमान स्वस्थ होतात. पण आंत किती मावतील हा खरा प्रश्नच नव्हे. आग लागली असतां वेळेवर बाहेर किती पडूं शकतील, हा खरा प्रश्न होय.

अमेरिकेंतील बोस्टन शहरीं कोकोनट ग्रोव्ह नांवाचें एक रंजनगृह होतें. तेथील मान्य संख्या ४६०. परंतु २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं तेथें सुमारें एक हजार लोक जमले होते. तळघरांतील शोभेच्या कृत्रिम माडांजवळ आग लागली व पाहतां पाहतां सर्वत्र पसरली. मुख्य प्रवेशास फिरतें दार होतें. तें गर्दीच्या रेट्यानें अडकून बसलें. इतर दारांपैकीं कांहींस कुलपें होतीं, कांहीं आंतल्या बाजूस उघडणारीं होतीं. मागून माणसांचा लोंढा आल्यावर अशीं दारें उघडणार कशीं? त्या रात्रीं ४९२ माणसें प्राणांस मुकलीं.

मान्य संख्या ठरवितात कशी, हें गृहस्थानेंही जाणून घेण्यासारखें आहे. त्याचीं मापें दोन. पहिलें जागेचें. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तींत, खुर्च्या मांडलेल्या सभागृहांत माणशीं ०.६ चौरस मीटर व भोजनगृहांत १.५ चौरस मीटर जागा धरली आहे. दुसरें माप दारांचें. सपाट वाटेवर माणशीं साडेसहा मिलिमीटर रुंदी हिशेबास घेतात. जिना असेल तर दहा.

समजा, एक दालन २० मीटर लांब व १५ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर. म्हणजे खुर्च्यांवर ५०० माणसें बसतील, पंगतीस मात्र २००. आतां दारें पाहूं. प्रत्येकीं १.३ मीटर रुंदीचीं दोन दारें असतील, तर त्यांतून ४०० जणांचीच सोय होते. तेव्हां जागा पांचशेंची असूनही सभेची मर्यादा चारशेंच. दोहोंपैकीं जो आंकडा लहान, तोच खरा. आणि एका दारापुढें वाढप्यांनीं मेजें मांडलीं, तर चारशेंचे दोनशें झाले!

दारें मोकळीं असलीं म्हणजे काय साधतें, याचें उदाहरण एडिंबरो येथें घडलें. ९ मे १९११ रोजीं एम्पायर पॅलेस नाट्यगृहांत प्रयोग चालू असतां रंगमंचास आग लागली. पडद्यामागील अकरा जण दगावले. परंतु वाद्यवृंद राष्ट्रगीत वाजवीत राहिला आणि सुमारें तीन हजार प्रेक्षक अवघ्या अडीच मिनिटांत सुखरूप बाहेर पडले, असें सांगतात.

उलटपक्षीं, दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत १३ जून १९९७ रोजीं ५९ प्रेक्षक गेले. सज्जांत जादा आसनें बसवून एका बाजूची जाण्याची वाट बंद केली होती. थोड्या आसनांचा लाभ तो केवढा, आणि त्याचें मोल केवढें!

परवाना देणारे अधिकारी आपलें काम करोत वा न करोत, निमंत्रक तर आपणच असतों. कार्यालय ठरवितांना आपण भाडें विचारतों, स्वयंपाकघर पाहतों, पाण्याची चौकशी करतों. त्याबरोबरच मान्य संख्या किती, दारें किती, तीं बाहेर उघडतात काय, कुलपें काढलीं आहेत काय, हेंही विचारावें. यादी मोठीच असेल, तर पंगती दोन कराव्या किंवा समारंभ दोन वेळीं करावा. राहिलेल्या आमंत्रणाचा रुसवा चार दिवसांत निघतो. आपल्या शब्दाखातर आलेले आजोबा, लेकुरवाळ्या सुना आणि लहान मुलें सुखरूप घरीं परतावींत, ही मात्र यजमानाची पहिली जबाबदारी होय.