रस्त्याचे गिऱ्हाईक आणि गावचे गिऱ्हाईक

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली गाडी कापूरहोळचा फाटा मागे टाकते आणि थोड्याच वेळात किकवी येते. पुढे सारोळ्याजवळ नीरा ओलांडली की सातारा जिल्हा आणि शिरवळ. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. रस्त्याकडेच्या दुकानाची पाटी वाचण्यास चालकाला जेमतेम तीन-चार सेकंद मिळतात. तेवढ्यात चार शब्द वाचून होतात, पाचवा राहून जातो. महामार्गालगतच्या कितीतरी पाट्यांवर मात्र आजोबांचे नाव, 'अँड सन्स', मालाच्या डझनभर प्रकारांची यादी, दोन भ्रमणध्वनी क्रमांक आणि वर 'आमची कोठेही शाखा नाही' एवढे सारे दाटीवाटीने बसविलेले असते. 'भोरचा इंद्रायणी तांदूळ' हे तीन शब्द दुरून दिसतील एवढे मोठे लिहिले, तर निदान भाताची आवड असलेला प्रवासी वेग कमी करील.

किकवीसारख्या गावात दुकान मांडणाऱ्यास गिऱ्हाईक दोन प्रकारचे लाभते. एक रस्त्याचे, जे आज आले तर पुन्हा येईलच असे नाही. दुसरे भोर-वेल्ह्याच्या गावावाड्यांतले, जे एकदा जोडले तर मुलाच्या लग्नाचा बाजारही त्याच दुकानातून करते. दोघांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग वेगळे आहेत. नवा व्यापारी बहुधा पहिल्यावर पैसा ओततो आणि दुसऱ्यास गृहीत धरतो.

बँकेकडे येणाऱ्या कर्जप्रस्तावांत ही गोष्ट स्पष्ट दिसते. फर्निचर, वजनकाटा, शीतकपाट, पहिला माल यांचे हिशेब रुपया-रुपयाने मांडलेले असतात. जाहिरातीपुढे मात्र एक गोल आकडा टाकलेला असतो. तो उद्घाटनाच्या दिवशी मंडप, फ्लेक्स, पत्रिका आणि अल्पोपाहार यांत संपून जातो. त्या दिवशी आलेले बहुतेक पाहुणे नातलग असतात. ते पेढा घेतात आणि आपल्या गावी परततात. कर्जाचा हप्ता सुरू होतो तेव्हा गिऱ्हाईक जमविण्यासाठी हाती काहीच उरलेले नसते. जाहिरातीसाठी जी रक्कम बाजूला काढली असेल, तिचा तिसरा हिस्सा उद्घाटनाला पुरे मानावा आणि उरलेली वर्षभराच्या बारा महिन्यांत वाटावी, हे अधिक शहाणपणाचे.

जुन्या व्यापारी घराण्यांची अडचण याच्या उलट असते. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, हा संस्कार लहानपणापासून झालेला असतो आणि माल चोख असला की गिऱ्हाईक आपण होऊन येते, अशी श्रद्धा असते. गावात एकच दुकान होते तेव्हा ती खरीही होती. परंतु चोख माल वर्षानुवर्षे पडून राहिल्याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे गेली. नांगरात खोट नव्हती. शेतकऱ्याच्या मनातील भीती दूर व्हावयाची होती. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे हे पत्रक वाढत वाढत मराठीतील नामवंत मासिक झाले. माहिती देणे ही आत्मस्तुती नव्हे, हे त्या घराण्याने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते.

समाजातील अधिक जवळचे उदाहरण जळगावच्या भवरलालजी जैन यांचे. वाकोदसारख्या खेड्यातून आलेल्या या गृहस्थांनी १९६३ मध्ये कुटुंबाच्या ७,००० रुपयांच्या बचतीवर घासलेटच्या विक्रीने आरंभ केला. विक्री हातगाडीवरून होत असे. पुढे पाइप आणि ठिबक सिंचनाचा व्यवसाय उभा राहिला, तेव्हा त्यांनी शेतकऱ्याला नुसती पत्रके वाटली नाहीत. जळगावजवळच्या जैन हिल्सवर ठिबकावर वाढलेली पिके उभी करून दाखविली. थेंबाथेंबाने केळी पोसते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला समजावण्यासारखे फारसे उरत नाही.

किकवीच्या दुकानदाराला टेकडी विकत घेण्याची गरज नाही. तांदूळ विकणाऱ्याने एका पातेल्यात भात शिजवून ठेवावा आणि येणाऱ्याला चमचाभर द्यावा. इंद्रायणी हे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात विकसित झालेले वाण. त्याचा सुवास आणि मऊ चिकटपणा पत्रकात वाचून कळत नाही. शिवाय पाव किलोची पुडी ठेवावी. अनोळखी प्रवासी दहा किलोचे पोते उचलण्यास कचरतो, पाव किलो सहज घेतो. त्या पुडीवरचा पत्ता आणि क्रमांक त्याच्या स्वयंपाकघरात पोहोचतो, आणि हीच रस्त्याच्या गिऱ्हाइकाला गावचे गिऱ्हाईक करण्याची वाट आहे. नवा तांदूळ की जुना, हेही पुडीवर लिहावे, कारण नव्या तांदळाचा भात जास्त चिकट होतो आणि ते न सांगितल्यास गृहिणी मालालाच दोष देते.

पुडी बांधली की कायदाही आला. पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्नसुरक्षेचा परवाना वा नोंदणी क्रमांक हे सारे छापावे लागते. पुष्कळांना ही कटकट वाटते. वास्तविक अनोळखी माणसाच्या दृष्टीने हा मजकूर पानभर जाहिरातीहून बोलका असतो. दुसऱ्या वाणाला इंद्रायणी म्हणून खपविणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येणारा प्रकार आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात ज्या घरात अचौर्य अणुव्रताचे अतिचार मुलांना शिकविले जातात, तेथे प्रतिरूपक व्यवहार हा शब्द कायद्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असतो.

पाटीविषयी एक गोष्ट राहिली. राज्यात दुकानाचे नाव मराठीत, देवनागरी लिपीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहिणे बंधनकारक आहे. महामार्गाच्या हद्दीत परवानगीवाचून फलक उभारता येत नाही.

गावच्या गिऱ्हाइकासाठी सर्वांत जुनी जाहिरात म्हणजे उधारी. 'तो शेठ माणूस ओळखतो' ही कीर्ती उधारीच्या वहीतूनच पसरते, हे नाकारता येणार नाही. पण तिची किंमत क्वचितच कोणी मांडतो. दोन लाखांची उधारी सतत बाहेर असेल आणि कॅश क्रेडिटवर बँक १२ टक्के व्याज लावत असेल, तर महिन्याला २,००० रुपये केवळ या कीर्तीवर खर्च होतात. बुडीत गेले ते निराळेच. भाताचे पैसे हाती आले की फेडणाऱ्या शेतकऱ्याची उधारी जरूर ठेवावी. तो खर्च वसूल होतो. तोंडओळखीच्या माणसाला भिडेखातर दिलेली उधारी मात्र उलटी फिरते. वसुलीच्या संकोचाने तोच मनुष्य दुकानासमोरून मान वळवून जाऊ लागतो, आणि पैशाबरोबर गिऱ्हाईकही जाते.

घरातील तरुण पिढीने हाती घ्यावे असे काम भ्रमणध्वनीवरचे. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करण्यास पैसे पडत नाहीत. नाव पाटीवर आहे तेच द्यावे, त्याला 'सर्वोत्तम', 'नंबर एक' अशी शेपटे जोडू नयेत. गूगलच्या नियमांतही ती बसत नाहीत. दुकानाचे दर्शनी छायाचित्र दिवसाच्या उजेडात, रस्त्याच्या पलीकडून घ्यावे, म्हणजे शोधत येणाऱ्यास ओळख पटते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसही विनामूल्य आहे. त्यावरचा ब्रॉडकास्ट संदेश ज्याने दुकानाचा क्रमांक आपल्याकडे साठविला आहे त्यालाच मिळतो. म्हणून बिल देतानाच नम्रपणे क्रमांक साठवून घेण्याची विनंती करावी. रोज सकाळी सुविचार धाडणाऱ्या दुकानदाराचा क्रमांक लोक लवकरच मूक करून ठेवतात. नवा भात आला, हरभरा डाळीचा भाव उतरला, अशा कामाच्या वार्ता महिन्यातून दोन-तीनदा पुरेत.

यांपैकी कशाचा उपयोग झाला, हे कळण्यास खर्चिक साधन लागत नाही. रोजमेळाच्या वहीत एक जादा रकाना आखावा आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला 'आपल्याला कोणी सांगितले?' एवढे विचारून त्यात पाटी, नकाशा, पुडी, शेजारी असे एकेक शब्द लिहावे. तीन महिन्यांनी तो रकाना मोजला की पुढचा पैसा कोठे घालावा हे आपोआप दिसते. बहुतेक वेळा 'शेजारी' हाच शब्द सर्वाधिक निघतो.

नकाशावरील दुकानाच्या वेळाही खऱ्या ठेवाव्यात. पर्युषणात किंवा संवत्सरीला दुकान बंद राहणार असेल, तर तेवढ्या दिवसांची वेळ आधीच बदलून ठेवता येते. भोरहून मुद्दाम गाडी वळवून आलेल्या माणसाला बंद दार दिसू नये.